गुरांचा पाणवठा आणि रानातील जीव

उन्हाळ्याचे दिवस सुरू झाले की बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावच्या शिवारात एक देखावा नित्याचा होतो. सायंकाळी गुरे गावाकडे परतलेली असतात, विहिरीवरील मोटार बंद झालेली असते आणि गुरांसाठी बांधलेल्या हौदाच्या भोवती चिखलात खुरांच्या ठशांबरोबर आणखी काही ठसे उमटू लागतात. रोही येतात, काळवीट येतात, कोल्हा, खोकड, साळिंदर आणि ससे येतात. डोंगराच्या कडेला असलेल्या गावात अस्वल आणि बिबटही येतो. हे पाणी आपण गुरांसाठी साठविलेले असते. परंतु मार्च ते जून या काळात आसपासच्या कित्येक किलोमीटरच्या परिसरात तेवढेच पाणी उरलेले असते, हे रानातील जीव अनुभवाने जाणतात.

यातले काही प्राणी पाणी पिऊन परत जातात. काही मात्र परत जाऊ शकत नाहीत. विहिरीत पडलेला बिबट, शेततळ्यात बुडालेले काळवीट, हौदात तरंगणारी खार किंवा घुबडाचे पिल्लू यांच्याविषयी आपण अधूनमधून वाचतो व हळहळतो. या मृत्यूंचे कारण पाणी नव्हे. पाण्याची कड हे त्यांचे कारण आहे. ज्या पाणवठ्यात प्राणी सहज उतरू शकतो किंवा घसरून पडू शकतो, पण ज्यातून बाहेर येण्यास वाट नाही, तो पाणवठा सापळाच होय. ही बाहेर येण्याची वाट करून देणे कठीण नाही, महाग तर मुळीच नाही. आणि त्यात गुरांच्या मालकाचा स्वतःचा लाभ आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

जिल्ह्याची परिस्थिती

बुलढाणा जिल्ह्याच्या मध्यातून अजिंठ्याच्या डोंगररांगा जातात. उत्तरेस पूर्णेचे सपाट खोरे आहे आणि त्याच्याही पलीकडे सातपुड्याचा पायथा. अजिंठ्याच्या रांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेल्या या सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यातून, बोथ्याच्या जंगलातून, बुलढाणा–खामगाव रस्ता जातो. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या उतारावर अंबाबरवा अभयारण्य असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या दोन जंगलांच्या मध्ये, तसेच ज्ञानगंगेच्या चारही बाजूंना, कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती, गायरान व माळ पसरलेले आहेत. वन्य प्राणी अभयारण्याच्या सीमेवरील खांब पाहून थांबत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ पट्टा लावलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये तेथून निघाला आणि तेलंगणातील आदिलाबाद भागातून फिरत, सुमारे १,३०० किलोमीटरची चाल करून त्या वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. पुढे तो येथूनही निघून गेला. या प्रवासाची सर्वत्र चर्चा झाली ती त्याच्या लांबीमुळे. पण एवढ्या वाटेवर तो पाणी कोठे प्याला असेल, असा प्रश्न केल्यास उत्तर शोधावे लागते ते शिवारातील नाले, तलाव आणि शेतकऱ्यांच्या पाणवठ्यांतच.

पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांतील बरीच जमीन खारपाणपट्ट्यात मोडते. तेथे जमिनीखालचे पाणी खारट असल्याने विहीर असूनही ती उपयोगाची असतेच असे नाही. त्यामुळे गोड्या पाण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांवर माणसे, गुरे आणि रानातील प्राणी या सर्वांचाच भार पडतो. दक्षिणेकडे लोणारचे सरोवर बारमाही भरलेले असते. परंतु त्याचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की ते पिण्यायोग्य नाही. तेथील प्राण्यांना काठावरच्या गोड्या झऱ्यांवर अवलंबून राहावे लागते. नुसते पाणी दिसले म्हणजे पिण्याचे पाणी मिळाले असे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

जुनी बारव आणि आजची विहीर

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न वेगळ्या कारणाने का होईना, पण सोडविला होता. सिंदखेड राजा येथील पुतळा बारव पाहण्यास अनेक लोक जातात ते तिच्यावरील शिल्पांसाठी. तेथे उभे राहून पायऱ्यांकडेही पाहावे. पाण्याची पातळी कितीही खाली गेली तरी पायऱ्या तिच्यापर्यंत पोहोचतात. अशा बारवेत एखादा प्राणी उतरला किंवा पडला, तर पोहत पायरीपर्यंत येऊन तो वर चढू शकतो. नदीच्या कोरड्या पात्रात उकरलेला झिरा, गावतलावाचा उतरता काठ यांतही हाच गुण आहे. पाणी जसजसे खाली जाते, तसतशी त्याच्याबरोबर वाटही खाली जाते.

आजची सिंचनाची विहीर मात्र उभ्या भिंतीची असते. शेतात अनेक ठिकाणी ती जमिनीच्या पातळीवरच उघडी असते व तिच्या काठावर पावसाळ्यात गवत माजते. रात्री कुत्र्याच्या किंवा बकरीच्या मागे धावणारा बिबट, कुत्र्यांनी उधळलेला रोह्यांचा कळप यांना ती दिसतच नाही. दिवसा गुरेही पडतात, आणि माणसेही. जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. त्या परिसरात उसाच्या शेतांत वाढलेले बिबटे उघड्या विहिरींत पडण्याचे प्रकार वारंवार घडत आले आहेत. गुजरातेत गीरच्या जंगलाभोवतीच्या गावांतही सिंह विहिरीत पडून मरत असत. तेथे हजारो विहिरींना कठडे बांधण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला.

कठडा सुमारे एक मीटर उंचीचा असावा. बिबट याहून उंच उडी मारू शकतो, मग कठड्याचा उपयोग काय, अशी शंका पुष्कळजण घेतात. ती योग्य नाही. बिबट विहिरीत उडी मारावी म्हणून मारीत नाही. जमीन आहे असे समजून पाऊल टाकतो. समोर भिंत दिसली की तो वळतो. दगडी किंवा विटांचा कठडा तारेच्या कुंपणापेक्षा चांगला, कारण तो अंधारातही अडथळा म्हणून जाणवतो. नव्या विहिरीचे बांधकाम चालू असतानाच कठडा बांधून घेतला तर दगड, वाळू आणि गवंडी जागेवरच असतात. मागाहून बांधू म्हटले की ते काम बहुधा राहून जाते. पडीक विहिरीला कठडा बांधण्यापेक्षा ती बुजविणे किंवा तिच्यावर मजबूत लोखंडी जाळी बसविणे श्रेयस्कर. पाणी न लागलेल्या कूपनलिकेचे तोंड बंद करणे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवश्यकच आहे.

हौदातील चढण

गुरांना पाणी पाजण्याचा सिमेंटचा हौद साधारणतः दोन ते अडीच फूट खोल आणि आतून गुळगुळीत असतो. गायी-म्हशींना तो सोयीचा. पण खार, मुंगूस, सरडा, ससा, पक्ष्यांची पिल्ले यांना त्याच्या भिंती म्हणजे कडेच होत. हौद काठोकाठ भरलेला असताना फारसा धोका नसतो. गुरे पिऊन गेल्यावर पाणी अर्ध्यावर येते, आणि खालच्या पाण्यासाठी वाकलेला लहान प्राणी आत पडतो तेव्हा खरा धोका सुरू होतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरांची कुरणे फार विस्तीर्ण आहेत आणि तेथेही पाणी दुर्मिळ आहे. तेथील अनुभवावरून हौदात बाहेर येण्यासाठी चढण बसविण्याची पद्धत रूढ झाली. या अनुभवातील एक बारकावा आपण अवश्य लक्षात घ्यावा. पाण्यात पडलेला लहान प्राणी हौदाच्या मधोमध पोहत नाही. तो भिंतीला चिकटून, तिला चाचपत, गोल गोल फिरतो. म्हणून चढण भिंतीला पूर्णपणे टेकलेली असली पाहिजे. भिंत आणि चढण यांच्यामध्ये फट राहिली तर प्राणी त्या फटीतून मागे जातो, तेथेच अडकतो आणि दमून बुडतो. मध्यभागी ठेवलेली फळी किंवा एकटा दगड दिसावयास चांगला, परंतु त्याचा उपयोग थोडा.

चढण हौदाच्या तळापासून काठापर्यंत हवी, म्हणजे पाणी कितीही कमी झाले तरी तिचे टोक पाण्यात राहते. तिचा उतार पंचेचाळीस अंशांपेक्षा तीव्र नसावा. म्हणजे जितकी उंची, निदान तितकी आडवी लांबी. एक फूट उंचीस दोन फूट लांबी धरल्यास फारच उत्तम. अडीच फूट खोल हौदाला पाच फूट लांबीची चढण एका कोपऱ्यात दोन्ही भिंतींना टेकवून बांधली की काम झाले. दगडगोटे रचून त्यांवर सिमेंटचा थर द्यावा व तो ओला असताना खराट्याने ओरखडावा, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत राहतो. जुन्या हौदात नवे बांधकाम नको असल्यास जाड लोखंडी जाळी वाकवून काठावर अडकविता येते. मात्र तिची टोके आत वळविलेली असावीत, नाही तर गुरांची तोंडे फाटतात.

हौदावर तारा किंवा बांबू आडवे टाकण्याची काही ठिकाणी रीत आहे. ती टाळावी. वटवाघळे आणि पाकोळ्या उडता उडताच पाण्याला तोंड लावतात. त्यांना मोकळा पृष्ठभाग लागतो. आडवी तार लागून ती पाण्यात पडतात. वटवाघळांविषयी आपल्याकडे प्रेम कमी असले, तरी कीटकभक्षक वटवाघूळ एका रात्रीत कपाशीवरील पतंगांसह किती कीटक फस्त करते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याला पाण्याची वाट मोकळी ठेवणे शेतकऱ्यास परवडण्यासारखे आहे असे दिसून येईल.

हौदाच्या निकासाचे पाणी वाया न घालविता पाच-सहा मीटर अंतरावर बशीच्या आकाराच्या उथळ खड्ड्यात सोडावे. वनविभाग जंगलात जे कृत्रिम पाणवठे बांधतो, ते असेच बशीसारखे असतात. चारही बाजूंनी उतार असल्याने त्यात पडण्याचा प्रश्नच येत नाही. बशीत दोन-चार खडबडीत दगड ठेवल्यास मधमाशाही त्यावर बसून पाणी पितात.

या सर्वांत गुरांच्या मालकाचे काय हित आहे, असे कोणी विचारील. पाण्यात मेलेला जीव कुजला की गुरे त्या पाण्याला तोंड लावीत नाहीत, आणि तहानलेल्या म्हशीचे दूध त्याच दिवशी घटते. कुजलेल्या मृतदेहातून बोट्युलिझमसारखी जीवघेणी विषबाधाही गुरांना होऊ शकते. पंधरवड्यातून एकदा हौद रिकामा करून, घासून, आतून चुना लावण्याची जुनी पद्धत शेवाळ रोखण्यास आजही उपयुक्त आहे. चढण असलेला हौद घासण्यास किंचित अधिक वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे.

शेततळे : सर्वांत मोठा धोका

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात पाझर तलाव आणि विहिरींची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. अलीकडच्या काळात त्यांत शेततळ्यांची भर पडली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यावर तर शेततळे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. पाणी झिरपू नये म्हणून अनेक शेततळ्यांत प्लास्टिकचे अस्तर घालतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे अस्तर घातलेले शेततळे कोरडवाहू शेतीचे मोठे वरदान आहे, यात शंका नाही. परंतु वन्य प्राण्यांच्या दृष्टीने पाहिल्यास, जिल्ह्यातील सर्व पाणवठ्यांत हेच सर्वाधिक घातक आहे, असे आमचे मत आहे. विहीर निदान दिसत नाही म्हणून प्राणी तिच्यात पडतो. शेततळे दिसते, त्याचा काठ उतरता असतो, आणि प्राणी विश्वासाने त्यात उतरतो. ओल्या प्लास्टिकवर खूर टिकत नाही. काळवीट किंवा रोही तासन्‌तास काठावर चढण्याचा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी घसरते आणि अखेर दमून बुडते. खुरांनी प्लास्टिक फाटते, ते वेगळेच. फाटलेल्या तळ्यातून पाणी झिरपून गेले की शेतकऱ्याचा सारा खर्च व्यर्थ ठरतो. लहान मुले आणि पोहता येणारी मोठी माणसेही अशा तळ्यांत बुडाल्याच्या घटना राज्यात अनेकदा घडल्या आहेत.

शेततळ्याभोवती कुंपण घालावे, ही सूचना नेहमीच केली जाते व ती योग्यच आहे. पण नुसते कुंपण पुरत नाही. तहानलेला प्राणी कुंपणाखालून वाट काढतो, आणि मग आत शिरलेल्याला बाहेर पडणे अधिकच अवघड होते. म्हणून कुंपणाच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. पहिली, कुंपणाच्या बाहेर गुरांसाठी व इतर प्राण्यांसाठी तळ्यातून नळीने भरणारा एक हौद किंवा बशी. बाहेर पाणी मिळाले की आत शिरण्याचे कारणच उरत नाही. दुसरी, तळ्याच्या आत बाहेर येण्याची वाट.

ही वाट करण्यासाठी मातीने अर्ध्या भरलेल्या गोण्या दोरीने एकमेकींना बांधून काठापासून तळापर्यंत पायऱ्यांप्रमाणे सोडाव्यात आणि वरचे टोक बांधावरील मजबूत खुंटाला आवळावे. गोण्यांऐवजी जाड काथ्याची चटई किंवा जुन्या टायरांची साखळीही चालते. पट्टा निदान एक मीटर रुंद असावा आणि तो कोपऱ्यांत सोडावा, कारण येथेही प्राणी काठाकाठाने पोहत कोपऱ्यात येतो. गाठी मारलेले दोर चारही बाजूंनी सोडून ठेवावेत, असे सांगितले जाते. ते माणसांसाठी आवश्यकच आहेत. हरणाला दोराचा काही उपयोग नाही. मासेमारीचे अथवा पिकावर घालण्याचे जुने जाळे मात्र कधीही वापरू नये. त्यात शिंगे आणि पाय गुंततात.

नाला खोलीकरण आणि तलावांतील गाळ काढण्याची कामे जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाली आहेत. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम नाले आणि तलाव खोल करून मिळवावयाची, ही कल्पना पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून राज्याबाहेरही परिचित झाली. अशा खोदकामात यंत्राने कापलेले काठ उभे राहतात. खोदकाम चालू असतानाच एक बाजू तीन फुटांस एक फूट अशा उताराची करून घेतली, तर गुरे व वन्य प्राणी दोघांनाही उतरण्याचा घाट मिळतो. यंत्र जागेवर असताना हे काही तासांचे काम आहे. यंत्र निघून गेल्यावर तो उतार कुदळ-फावड्याने करण्यास कोणी पुढे येत नाही.

पाणी कोणाचे, केव्हा आणि कोठे

गुरे दिवसा पाणी पितात आणि रानातील प्राणी बहुधा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. हा वाटा निसर्गाने करून दिलेला आहे; तो पाळला तर दोघांचीही गाठ पडत नाही. जंगलालगतच्या गावांत सूर्यास्तापूर्वीच गुरांचे पाणी आटोपावे. पाणवठ्याभोवती दहा-पंधरा मीटरपर्यंत घाणेरी आणि वेड्या बाभळीची झुडपे काढून टाकावीत, म्हणजे अस्वल माणसाला आणि माणूस अस्वलाला दुरून दिसते. अस्वलाचे हल्ले या जिल्ह्याला अपरिचित नाहीत, आणि त्यांतील पुष्कळसे अचानक समोरासमोर आल्यामुळे होतात. भूतदयेपोटी घराच्या अंगणाजवळ किंवा शाळेच्या मागे वन्य प्राण्यांसाठी पाण्याची टाकी ठेवण्याचा मोह काही मंडळींना होतो. हेतू कितीही चांगला असला तरी ते करू नये. गुरे बांधण्याच्या जागेपासून व वस्तीपासून पाणवठा दूर असलेलाच बरा.

गुरे आणि वन्य प्राणी एकाच ठिकाणी पाणी पीत असल्याने लाळ्या खुरकूतसारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा संभव असतो. या रोगाच्या नियंत्रणासाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला असून त्याखाली जनावरांना मोफत लस देण्यात येते. आपल्या गुरांना लस टोचून घेणे हे रानातील रोह्यालाही संरक्षण होय. फवारणीचा पंप हौदात बुडवून भरणे किंवा तेथे धुणे, तसेच युरिया विरघळविण्यासाठी गुरांच्या पाण्याचे भांडे वापरणे, या दोन सवयींनी गुरे दगावतात. मग त्या पाण्यावर येणाऱ्या रानातील जिवांची गोष्टच नको. पाणवठ्याजवळच्या पिकाला विजेचा प्रवाह सोडलेली तार लावणे हा तर गुन्हा आहे, आणि त्या तारेने शेजारच्या शेतकऱ्याचा व बैलाचाही बळी घेतलेला आहे.

प्राणी पडला तर

विहिरीत किंवा तळ्यात वन्य प्राणी जिवंत दिसल्यास प्रथम मोटार बंद करावी आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकास कळवावे. आरडाओरड, दगड मारणे, छायाचित्रांसाठी कठड्यावर गर्दी करणे यांमुळे प्राणी दमतो आणि कठडा कोसळून माणसेही पडतात. कोणीही आत उतरू नये. मदत येईपर्यंत दोराने बांधलेली लाकडी खाट किंवा जाड फळी हळूच पाण्यावर सोडली, तर बिबटदेखील तिच्यावर बसून तग धरतो. पथक आल्यावर पिंजरा किंवा शिडी सोडून त्याला बाहेर काढण्यात येते. त्या वेळी लोकांनी दूर जाणे ही सर्वांत मोठी मदत असते. प्राणी मृत आढळल्यास त्याला हात न लावता वनविभागास कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मृत वन्य प्राणी शासनाची मालमत्ता असतो आणि त्याची माहिती ४८ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. तोच दिवस त्या पाणवठ्याला वाट करून देण्याचाही असावा, कारण एक प्राणी जेथे पडला तेथे पुढच्या रात्री दुसराही पाण्यासाठी येणार असतो.

या कामांना माघ-फाल्गुन हा काळ सोयीचा. रब्बीची कामे उरकत आलेली असतात, शेततळ्यातील पाणी निम्म्यावर आल्याने काठ उघडा पडतो आणि गोण्यांच्या पायऱ्या तळापर्यंत नीट टेकविता येतात. वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणांवर बसून पाणवठ्यांवरील प्राण्यांची नोंद घेतो. आपल्या हौदापाशी त्या पहाटे जाऊन चिखलातले ठसे पाहिले, तर रात्रीतून कोण कोण येऊन गेले ते कळते, आणि चढणीवर ओल्या पावलांच्या खुणा असल्या तर त्याही दिसतात.